‘आठवत नाही’ म्हणणारा साक्षीदार आणि त्याचा जुना जबाब : नव्या वकिलांसाठी

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सत्र खटल्यात सरकारी वकिलांच्या मागे फाइल सांभाळत बसलो होतो. पंच साक्षीदार आले. सत्तरी ओलांडलेले आजोबा, हातात पिशवी. जप्ती पंचनामा होऊन नऊ वर्षं झाली होती. काय जप्त केलं, कुठून केलं, कोण कोण होतं, तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर : “साहेब, आठवत नाही.” मी पुढे वाकून कुजबुजलो, “सर, होस्टाइल.” कुजबूज जरा मोठ्याने झाली असावी. न्यायाधीशांनी मान वर केली. “फितूर कशावरून? त्यांना पंचनामा तरी दाखवलात का?”

त्या प्रश्नात या लेखाचा बराचसा भाग आला. विसरलेला साक्षीदार आणि फिरलेला साक्षीदार ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि विसरलेल्याचा जुना जबाब केवळ तो विसरला म्हणून पुरावा होत नाही. तो कागद कोणत्या दाराने आत येईल ते आधी ठरवावं लागतं. काही कागदांना दारच नसतं.

आकड्यांचा गोंधळ आधीच मिटवू. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. पण त्या दिवशी जे खटले चालू होते ते १८७२ च्या पुरावा कायद्यानेच पुढे चालतात. त्यामुळे अजून बरीच वर्षं दोन्ही आकडे तोंडपाठ ठेवावे लागणार आहेत. मी खाली नवं कलम देतो आणि गरज तिथे जुनं.

आधी बघा, विसरणं कुठल्या जातीचं आहे

ब्रीफ हातात आलं की साक्षीदाराला भेटण्याआधी त्याचे वैद्यकीय कागद वाचा. ‘स्मृती गेली’ या दोन शब्दांत तीन-चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली, साधं काळाचं विसरणं. पंच, बँकेचा कारकून, दिवसाला चाळीस जखमी तपासणारे सरकारी डॉक्टर. यांना काही आजार नाही. ती एक घटना त्यांच्या लेखी शेकड्यातली एक होती, एवढंच.

दुसरी, डोक्याला मार लागल्यावरची. मार लागण्याच्या आधीचे काही क्षण किंवा मिनिटं मेंदूत पक्की नोंदवलीच जात नाहीत, आणि ती बहुधा पुढे कधी परत येत नाहीत. नवा वकील चुकतो तो मात्र मारानंतरच्या काळाबाबत. रुग्ण डोळे उघडतो, बोलतो, नाव सांगतो, शुद्धीच्या ग्लासगो मोजपट्टीवर १५ पैकी १५ गुण मिळवतो, आणि तरी पुढचे काही तास किंवा दिवस त्याच्या मेंदूत नवी आठवण टिकत नाही. या अवस्थेत माणूस रिकाम्या जागा नकळत भरतो. कोणी येऊन म्हणालं, “अमक्यानेच मारलं ना?” तर ते नाव त्याच्या तोंडी बसतं, आणि तो खोटंही बोलत नसतो. म्हणून दवाखान्यातल्या जबाबावर तारीख आणि वेळ बघा. मग त्याच वेळेची परिचारिकेची नोंद काढा. ‘रुग्ण गोंधळलेला’ असं तिथे लिहिलेलं असेल आणि पोलीस जबाबात सलग दीड पानाची हकिगत असेल, तर बचावाचं निम्मं काम झालं. सरकार पक्षात असाल तर ती नोंद समोरच्याच्या आधी तुम्हाला सापडली पाहिजे.

तिसरी, स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. तो वाढत जातो. आज थोडं आठवतं, पुढच्या वर्षी मुलाचं नाव आठवणार नाही. इथे काळ तुमच्या विरुद्ध असतो.

चौथी, सोयीचं विसरणं. ती ओळखायला डॉक्टर लागत नाही. साक्षीदाराला घटनेच्या दिवशीचा नाश्ता आठवतो, रिक्षाचं भाडं आठवतं, फक्त आरोपीचा चेहरा आठवत नाही.

मग कागद ओळखा

जुनं म्हणणं कोणासमोर केलं होतं यावर त्याची पुढची वाटचाल ठरते.

पोलीस जबाब म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १८० खालचा, जुना १६१ चा. हा सगळ्यात हलका कागद. त्यावर साक्षीदाराची सही नसते, आणि कलम १८१ (जुनं १६२) सांगतं की तो फक्त साक्षीदाराला खोडण्यासाठी वापरायचा. पुष्टीसाठी नाही, स्मृती ताजी करण्यासाठी नाही, साक्षीच्या बदली तर नाहीच. बचाव पक्ष तो थेट वापरतो, सरकार पक्षाला न्यायालयाची परवानगी लागते. त्या कलमातून मृत्युपूर्व जबाब वगळला आहे, पण त्यासाठी मृत्यू व्हावा लागतो. जिवंत, पण विसरलेल्या माणसाला ती सवलत नाही.

इथे एक फसवी परिस्थिती हमखास येते. जळालेल्या किंवा गंभीर जखमी माणसाचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी मृत्युपूर्व जबाब म्हणून घेतलेला असतो, आणि माणूस वाचतो. असा जबाब मृत्युपूर्व राहत नाही. ‘रामप्रसाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्याचा उपयोग दंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबासारखा, म्हणजे पुष्टीसाठी किंवा खोडण्यासाठी होतो. वाचलेल्या माणसाला काही आठवत नसेल, तरी तो कागद पुन्हा मृत्युपूर्व जबाब होत नाही.

दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, नवं कलम १८३, जुनं १६४. अजूनही सगळे त्याला ‘एकशेचौसष्टचा जबाब’च म्हणतात. हा पोलीस जबाबापेक्षा वजनदार, पण स्वतंत्र पुरावा नाही. १९७२ च्या ‘राम किशन सिंह’ निकालापासून हे पक्कं आहे. याला एक महत्त्वाचा अपवाद मात्र आहे. लैंगिक गुन्ह्यांच्या ठरावीक कलमांत, साक्षीदार तात्पुरता किंवा कायमचा मानसिक वा शारीरिक दिव्यांग असेल, तर कलम १८३(६)(ब) खाली त्याचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब सरतपासणीच्या, म्हणजे बोलावणाऱ्या पक्षाने घ्यायच्या पहिल्या तपासणीच्या, जागी धरला जातो. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून वदवून घ्यायची गरज नाही, थेट उलटतपासणी. पीडितेची स्मृती आजारामुळे ढासळत असेल तर सरकार पक्षाने ही तरतूद पहिल्या आठवड्यातच हाताशी घ्यावी, आणि जबाबाचं चित्रीकरण झालं आहे ना ते बघावं.

फिर्याद आणि पंचनामा हे मधले कागद. फिर्यादीला १८१ चा अडसर नाही. पंचनाम्यात पंचांनी स्वतः पाहिलेलं जेवढं आहे तेवढं चालतं. पंचांच्या तोंडून पोलिसांना सांगितलेली गोष्ट त्यात घुसली असेल तर तेवढ्या भागावर हरकत येणारच.

शेवटचा कागद सगळ्यात मजबूत : आधीच्या खटल्यात किंवा कार्यवाहीत शपथेवर दिलेली साक्ष. त्याकडे नंतर येऊ.

पिंजऱ्यात उभा राहू शकतो का?

आता सक्षमता, साक्ष्य अधिनियमाचं कलम १२४, जुनं ११८. कायदा फक्त दोन गोष्टी विचारतो. प्रश्न समजतो का, आणि सुसंगत उत्तर देता येतं का. लहान वय, फार म्हातारपण, शरीराचा किंवा मनाचा आजार यांमुळे हे जमत नसेल तरच माणूस अक्षम.

माझा सगळा मुद्दा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. “आठवत नाही” हे सुसंगत उत्तर आहे. ज्याला प्रश्न कळला, ज्याने विचार केला आणि जो प्रामाणिकपणे नाही म्हणाला, तो सक्षम साक्षीदार आहे. त्याला ‘साक्ष देण्यास असमर्थ’ ठरवून त्याचा जुना कागद मागच्या दाराने आणता येत नाही. उलट, ज्याला “तुम्ही कुठे आहात?” या प्रश्नावर “बाजाराला आलोय” असं उत्तर सुचतं, त्याची गोष्ट वेगळी. पहिल्या माणसाला पिंजऱ्यात आणावंच लागेल. दुसऱ्याच्या बाबतीत कलम २६ आणि २७ ची दारं (त्यांच्याकडे शेवटी येऊ) उघडू शकतात. नव्या वकिलांचे निम्मे अर्ज या फरकावर फेटाळले जातात.

न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारतात : नाव, गाव, आज बरोबर कोण आलं. हे प्रश्नोत्तर नोंदवून घ्यायला सांगा. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहिण्याचा अधिकार न्यायालयाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१५ खाली आहे. अपिलात तो शेरा सोन्याच्या मोलाचा ठरतो.

स्मृती ताजी करणं

साधं विसरणं असेल तर पहिला थांबा साक्ष्य अधिनियमाचं कलम १६२ (जुनं १५९). पाहून साक्ष देता येईल असा कागद साक्षीदाराने स्वतः त्या वेळी किंवा आठवण ताजी असताना लिहिलेला हवा. नाहीतर दुसऱ्याने लिहिलेला, पण साक्षीदाराने त्याच काळात वाचून ‘हे बरोबर आहे’ अशी खात्री करून घेतलेला हवा. डॉक्टरांची इजा नोंदवही, बँकेचं खातेपुस्तक, फिर्यादीला फिर्याद, पंचाला पंचनामा. पोलीस जबाब या यादीत येत नाही, हे पुन्हा सांगतो, कारण तरुण सरकारी वकील सवयीने तोच पुढे करतात.

कागद पाहूनही काहीच आठवलं नाही तर? बहुतेक जण इथे खाली बसतात. बसू नका. कलम १६३ (जुनं १६०) नेमकं याच क्षणासाठी आहे. घटना आठवत नसली तरी ‘कागदावर बरोबर नोंदवलं होतं’ याची साक्षीदाराला खात्री असेल, तर तो त्या कागदातल्या मजकुराबद्दल साक्ष देऊ शकतो. जमाखर्च लिहिणाऱ्याचं उदाहरण कायद्यातच दिलं आहे. प्रश्न साधारण असे लावा :

“हे अक्षर कोणाचं?” “माझं.”
“कधी लिहिलं?” “त्याच दिवशी, ड्युटी संपायच्या आत.”
“तो रुग्ण आज आठवतो?” “नाही.”
“मग नोंद बरोबर आहे हे कशावरून सांगता?” “तपासल्याशिवाय मी नोंद करत नाही. प्रत्येक नोंदीखाली माझी सही आणि वेळ असते.”

शेवटचं उत्तर हा पाया. ते नसेल तर बाकीचे तीन निरुपयोगी. आणि लक्षात ठेवा, साक्ष्य अधिनियमाच्याच कलम १६४ (जुनं १६१) खाली समोरच्या वकिलांना तो कागद बघायचा आणि त्यावर उलटतपासणी घ्यायचा हक्क आहे. म्हणून ज्या पानावर तुमच्या विरुद्ध काही लिहिलंय ते आधी स्वतः वाचा.

आमच्या त्या आजोबांचं काय झालं? पंचनामा दाखवला. “सही माझीच आहे.” मजकूर तेव्हा वाचून दाखवला होता का? “तेही आठवत नाही हो.” पाया गेला. मग जप्ती उभी राहिली ती तपासी अंमलदाराच्या साक्षीवर आणि दुसऱ्या पंचावर. दुसऱ्या पंचाने मात्र सगळं सांगितलं, जरा जास्तच नीट सांगितलं, पण तो वेगळा विषय.

साक्षीच्या आदल्या दिवशी साक्षीदाराला पोलीस ठाण्यात बोलावून जबाब ‘वाचून दाखवण्याची’ पद्धत सर्रास आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ‘मणिकंदन’ खटल्यात साक्षीदारांना पोलीस ठाण्यात असं शिकवण्यावर कडक ताशेरे मारले. विसरलेल्या साक्षीदाराबाबत हा धोका दुप्पट, कारण त्याच्याकडे स्वतःची आठवण उरलेली नसते. पढवलेलं तेवढंच उरतं.

पुष्टी कशाला देणार?

कलम १६० (जुनं १५७) सांगतं की घटनेच्या सुमारास केलेलं किंवा चौकशीचा अधिकार असलेल्या व्यक्तीसमोर केलेलं म्हणणं साक्षीच्या पुष्टीसाठी चालतं. छान. पण पुष्टी द्यायला आधी साक्ष हवी. साक्षीदार पिंजऱ्यात काहीच म्हणाला नसेल तर शून्याला पुष्टी देता येत नाही. म्हणून त्याला जेवढं आठवतंय तेवढं आधी काढा. “बाजार होता, संध्याकाळ होती, मागून धक्का लागला” एवढं आलं तरी त्याच्यावर बाकीचं उभं राहू शकतं.

आणि साक्षीदार सोडून इतरत्र बघा. त्याने मार खाताना नाव घेऊन ओरडल्याचं शेजारणीने ऐकलं असेल, तर तिची साक्ष कलम ४ खाली घटनेचाच भाग म्हणून येते. ओरडणाऱ्याला आज काही आठवतं की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. ओळख परेडीवर मात्र फार विसंबू नका. आपल्याकडे खरा पुरावा न्यायालयात केलेली ओळख, परेड ही तिची पुष्टी, हे ‘मलखान सिंह’ निकालात २००३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

अमेरिकेत नेमकं उलट घडलं. कॅलिफोर्नियातल्या लॉम्पॉक तुरुंगातल्या एका समुपदेशकाला १२ एप्रिल १९८२ रोजी लोखंडी नळीने मारलं. कवटी फुटली. ५ मे रोजी दवाखान्यात त्याने छायाचित्रातून हल्लेखोर ओळखला. खटल्यात तो म्हणाला, ओळखलं होतं हे आठवतं, पण हल्लेखोराला पाहिल्याचं आठवत नाही, आणि ते नाव मला कोणी सुचवलं होतं का तेही आठवत नाही. त्याने एकदा दुसऱ्याच माणसाचं नाव घेतल्याची नोंद दवाखान्याच्या कागदांत होती. तरीही १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध ओवेन्स’ मध्ये ती जुनी ओळख ग्राह्य धरली : साक्षीदार पिंजऱ्यात होता, त्याला प्रश्न विचारता आले, त्याचं विसरणंही ज्युरीसमोर उघडं पाडता आलं, एवढं पुरे. दोन न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं. मला विरोधी मतच पटतं. “आठवत नाही” म्हणणाऱ्याची उलटतपासणी म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं. पण आपल्याकडे कोणी ओवेन्सचा दाखला दिला तर तो तिथल्या पूर्व-ओळखीच्या खास नियमावर उभा आहे, आणि तसा नियम आपल्या कायद्यात नाही, एवढं सांगितलं तरी भागतं.

फितूर कधी म्हणायचं

कलम १५७ (जुनं १५४) मध्ये ‘फितूर’ हा शब्दच नाही. स्वतःच्या साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी, एवढंच आहे. आधी कागद दाखवा, मग सूचक (उत्तर सुचवणाऱ्या) प्रश्नांची परवानगी मागा, आणि विसरणं सोयीचं आहे असं दिसलं तरच हा अर्ज करा. परवानगी मिळाली की जबाबातला नेमका भाग वाचून दाखवायचा, ‘असं सांगितलं होतं का’ विचारायचं, नाकारलं तर त्या भागाला ‘अ’ ची खूण करायची, आणि तपासी अंमलदाराच्या साक्षीत तो भाग सिद्ध करून मगच निशाणी (एक्झिबिट क्रमांक) घ्यायची. २०१५ च्या ‘व्ही. के. मिश्रा’ निकालात ही रीत उलगडून सांगितली आहे. शेवटची पायरी विसरली तर सगळी मेहनत कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणेइतकी उरते. आणि सिद्ध झालेला भागही साक्षीदाराला खोटा पाडतो, आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही.

पूर्वीची शपथेवरची साक्ष

खरोखर असमर्थ माणसासाठी कलम २७ (जुनं ३३). अटी तीन : पक्षकार तेच किंवा त्यांचे वारस-प्रतिनिधी, तेव्हा समोरच्याला उलटतपासणीचा हक्क आणि संधी, आणि वादप्रश्न मुळात तेच. फरार आरोपीच्या गैरहजेरीत नोंदवलेल्या साक्षीसाठी स्वतंत्र तरतूद आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३५, जुनं २९९. पंधरा वर्षांनी आरोपी सापडतो आणि साक्षीदाराला डिमेन्शिया झालेला असतो, हे आता अपवादात्मक राहिलेलं नाही. पण ‘जयेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (२००९) वाचल्याशिवाय असा अर्ज करू नका. या अटी काटेकोर पाळल्याच पाहिजेत असं तिथे म्हटलं आहे. असमर्थता सिद्ध करणं कागद आणणाऱ्याचं काम. नुसतं प्रमाणपत्र जोडू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पिंजऱ्यात आणा.

कलम २६ (जुनं ३२) दिवाणीत जास्त कामाला येतं. आज असमर्थ झालेल्या कारकुनाने कामाच्या ओघात केलेल्या नोंदी, एखाद्याने स्वतःच्या हिताविरुद्ध लिहून दिलेलं, घराण्यातल्या नात्याबद्दलचं जुनं म्हणणं.

मृत्युपत्राच्या साक्षीदारांसाठी मात्र कायद्याने विसरण्याचा स्वतंत्र विचार केलाय. साक्षांकन करणारा, म्हणजे दस्तावर साक्षीदार म्हणून सही करणारा, नाकारतो किंवा त्याला आठवत नाही, तर कलम ७० (जुनं ७१) खाली दुसऱ्या पुराव्याने दस्त सिद्ध करता येतो. पण ‘जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम’ (२००३) मध्ये ही पळवाट बंद केली : दुसरा साक्षांकनदार हयात आणि उपलब्ध असताना त्याला न बोलावता हे कलम वापरता येत नाही. म्हणून पहिला ‘आठवत नाही’ म्हणाला की त्याच दिवशी दुसऱ्याच्या समन्ससाठी अर्ज द्या.

वेळ हातात असताना

अशिलाने “आमच्या आईला हल्ली विसरायला होतं” असं सहज म्हटलं, तर वही उघडा. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १६ खाली साक्ष तातडीने नोंदवण्याचा अर्ज करता येतो. घराबाहेर पडता येत नसेल तर आदेश २६ खाली कमिशन, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडून न्यायालयाबाहेर साक्ष. फौजदारीत कमिशनसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१९. दूरचित्र प्रणालीने साक्ष घेणं ‘डॉ. प्रफुल्ल देसाई’ निकालाने २००३ मध्येच मान्य झालं आहे. ओळखीच्या खोलीत, ओळखीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला न्यायालयाच्या गर्दीपेक्षा जास्त आठवतं. अर्जाला डॉक्टरांचं ताजं मत जोडा, त्यात आजार कोणता आणि किती वेगाने वाढेल हे स्पष्ट लिहून घ्या, आणि साक्षीची वेळ सकाळची मागा. दुपारनंतर अशा रुग्णांचा गोंधळ बऱ्याचदा वाढतो. समोरच्या वकिलांना नोटीस द्या आणि त्यांची उलटतपासणी त्याच बैठकीत पूर्ण होईल असं बघा, नाहीतर पुढे कलम २७ ची दुसरी अट तुमच्यावरच उलटेल.